जावा स्विंग: टेक्स्टफील्डमधला करडा मजकूर थेट डेटाबेसमध्ये अन् पट्टीवर जाऊन राहिला. मार्ग सांगा

कळमनेकर

नमस्कार मंडळी. एमसीएच्या शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट म्हणून मामांच्या अडतीसाठी डेस्कटॉप प्रोग्राम करून राहिलो. मामांची अडत नागपूरच्या कळमना बाजारात आहे, संत्र्याची. खिडक्या अन् फॉर्मसाठी जावा स्विंग, कोड लिहायला नेटबीन्स अन् डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल, एवढंच वापरलं. आवक नोंदवायची, कॅरेट मोजायचे, भाव टाकायचा, शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, छापून द्यायची.

फॉर्ममध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, गाडी नंबर, कॅरेट अशी फील्ड आहेत. दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत. ते म्हणाले, कोणत्या डब्यात काय लिहायचं ते डब्यातच दिसलं पाहिजे. म्हणून मी प्रत्येक जेटेक्स्टफील्डमध्ये (स्विंगचा मजकूर लिहायचा डबा) करड्या रंगात मजकूर ठेवला. गावाच्या डब्यात 'उदा. काटोल', मोबाईलच्या डब्यात '१० अंकी मोबाईल', गाडीच्या डब्यात 'एमएच ४० एबी १२३४'. कर्सर डब्यात आला किंवा गेला की चालणारा फोकसलिसनर लावला. फोकसगेन्डमध्ये मजकूर तोच असेल तर पुसायचा अन् रंग काळा करायचा, फोकसलॉस्टमध्ये डबा रिकामा असेल तर करडा मजकूर परत टाकायचा.

कॉलेजच्या डेमोत सगळं नीट चाललं. अडतीवर लावल्यावर तीन गोष्टी झाल्या:

फॉर्म उघडला की पहिल्या डब्यातली सूचना दिसतच नाही, बाकीच्या दिसतात.

मोबाईलच्या कॉलमला युनिक, म्हणजे एकच किंमत दोनदा नको हा नियम, लावलं होतं. पहिला बिनमोबाईलचा शेतकरी सेव्ह झाला. दुसऱ्याला 'डुप्लिकेट एंट्री' आली. पाहिलं तर टेबलात मोबाईल म्हणून '१० अंकी मोबाईल' हेच शब्द बसले होते.

तिसरी गोष्ट मला फार लागली. ज्या गाड्यांचा नंबर दिवाणजींनी भरला नाही, त्यांच्या पट्टीवर 'एमएच ४० एबी १२३४' छापून गेलं. १७ पट्ट्या गेल्या. नरखेडच्या एका काकांनी परत येऊन विचारलं, ही गाडी कोणाची? मामांनी पेनानं काट मारून खरा नंबर लिहून दिला. मला काही बोलले नाहीत, पण तो नंबर रस्त्यावरच्या कोणाचा तरी असू शकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बरोबर पद्धत कोणती, ते सांगा.

---

तर्रीपोहे

सेव्हच्या बटणावर एक तपासणी टाक ना भाऊ. डब्यातून गेटटेक्स्टनं वाचलेला मजकूर प्लेसहोल्डरच्या, म्हणजे त्या करड्या सूचनेच्या, बरोबरीचा असेल तर नल (किंमतच नाही) पाठव. पाच मिनिटांचं काम आहे.

---

कळमनेकर

ते करून पाहिलं. पण गेटटेक्स्ट मी सेव्हमध्ये, छपाईत, शोधात, बेरजेत अशा चार-पाच ठिकाणी वापरलं आहे. सेव्हमध्ये टाकलं अन् छपाईत राहून गेलं. म्हणूनच तर त्या पट्ट्या गेल्या.

---

जुना_स्विंगवाला

कळमनेकर, तू बरोबर जागी बोट ठेवलंस. तपासणी कुठे टाकायची हा प्रश्न दुय्यम आहे. मुळात तो मजकूर डब्यात नकोच.

जेटेक्स्टफील्डच्या पोटात एक डॉक्युमेंट असतं. जे डॉक्युमेंटमध्ये आहे ते वापरणाऱ्यानं लिहिलेलं आहे, असं स्विंगचा प्रत्येक भाग धरून चालतो. सेटटेक्स्टनं तू तिथे 'उदा. काटोल' ठेवलंस की तो डेटा झाला. रंग करडा असला तरी. रंग माणसाला कळतो, गेटटेक्स्टला कळत नाही.

आता त्यातून काय काय निघतं ते एकेक बघ, कारण तुला तीनच दिसले आहेत.

पहिल्या डब्याची सूचना गायब होते, कारण खिडकी उघडली की स्विंग फोकस आपोआप पहिल्या फोकस घेऊ शकणाऱ्या कम्पोनंटला देतं. तुझं फोकसगेन्ड लगेच चालतं आणि मजकूर पुसतं. लोक यावर उपाय म्हणून रिक्वेस्टफोकसइनविंडोनं फोकस एखाद्या बटणाकडे ढकलतात. मग दिवाणजींना रोज फॉर्म उघडल्यावर आधी माऊस हातात घ्यावा लागतो. तुझ्या चुकीचा भार त्यांच्यावर टाकू नकोस.

मजकूर बदलला की वाजणारा डॉक्युमेंटलिसनर लावला असेल, समजा कॅरेट बदलले की बेरीज बदलावी म्हणून, तर सूचना टाकताना आणि पुसतानाही तो वाजतो. 'कॅरेट संख्या' या शब्दांचा आकडा करायला जातो आणि नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकतो.

मोबाईलच्या डब्यात फक्त अंक यावेत म्हणून डॉक्युमेंटफिल्टर लावला असेल तर उलटं होतं. सेटटेक्स्टही त्याच फिल्टरमधून जातं, त्यामुळे सूचनेची अक्षरं गाळली जातात. मग कोणीतरी सूचना टाकताना फिल्टर काढायचा आणि पुसताना परत लावायचा, असा खेळ सुरू करतो.

जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि तू कोडमधून सेटटेक्स्टनं खरं गाव भरलंस, तर रंग करडाच राहतो, कारण फोकस हललेलाच नाही. दिवाणजींना वाटतं डबा रिकामा आहे.

आणि शेवटचं. शेतकरी खरोखर काटोलचा असेल आणि तुझी सूचना 'उदा. काटोल' ऐवजी नुसती 'काटोल' असती, तर? तो खरा मजकूर लिहितो आणि तुझी बरोबरीची तपासणी तो पुसून टाकते. काटोल तर संत्र्याचंच गाव.

म्हणून सूचना डॉक्युमेंटमध्ये ठेवायची नाही. ती डब्यावर रंगवायची. उद्या सविस्तर लिहितो, आज दिवस लांबला.

---

तर्रीपोहे

हाव, काटोलचं उदाहरण पटलं. मी माझ्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये हीच तपासणी लावून बसलो आहे. उद्या पाहून घेतो.

---

बर्डीकर

मधला एक मार्ग सुचवते. जेटेक्स्टफील्डचा उपवर्ग करायचा, आत एक बूलियन (खरं-खोटं सांगणारी किंमत) ठेवायचा, सूचना दिसत असेल तेव्हा तो खरा. गेटटेक्स्ट ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्या पद्धतीनं नव्यानं लिहून, बूलियन खरा असेल तर रिकामी स्ट्रिंग परत द्यायची. मी एका ग्रंथालयाच्या प्रोग्राममध्ये हे केलं होतं, दोन वर्षं चाललं.

---

जुना_स्विंगवाला

बर्डीकर ताई, गेटटेक्स्टपुरतं ते चालतं. पण डॉक्युमेंटलिसनर आणि डॉक्युमेंटफिल्टर गेटटेक्स्टला विचारत नाहीत, त्यांचा व्यवहार थेट डॉक्युमेंटशी. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरलाही डॉक्युमेंटमधलंच ऐकू येतं. म्हणजे एक दार बंद केलं आणि दोन उघडी राहिली. ग्रंथालयात लिसनर नसेल म्हणून निभावलं असावं.

आता काल राहिलेलं.

जेटेक्स्टफील्डचा उपवर्ग कर. त्यात सूचना नावाची एक स्ट्रिंग. ती कन्स्ट्रक्टरमधून घे, हे का ते पुढे सांगतो. मग पेंटकम्पोनंट ही पद्धत ओव्हरराइड कर. तिच्यात सर्वांत आधी सुपरचं पेंटकम्पोनंट बोलाव. पार्श्वभूमी, मजकूर आणि कर्सर ते रंगवतं. त्यानंतर गेटडॉक्युमेंटची गेटलेंग्थ विचार. शून्यापेक्षा जास्त असेल तर तिथूनच परत फिर. शून्य असेल तरच सूचना रंगव.

रंगवण्यासाठी हातात आलेलं ग्राफिक्स थेट वापरू नकोस. क्रिएट करून त्याची प्रत घे, काम झालं की फायनलीमध्ये डिस्पोज कर. मूळ ग्राफिक्सचा रंग किंवा फॉन्ट बदलून तसाच सोडला तर नंतर रंगवल्या जाणाऱ्या गोष्टींवर त्याचा डाग पडतो.

जागा अशी काढ: आडवी जागा म्हणजे गेटइन्सेट्समधला लेफ्ट. उभ्या जागेसाठी बरेच लोक उंचीतून फॉन्टमेट्रिक्सचा असेंट वजा करून दोनानं भागत बसतात. त्याची गरज नाही. जावा ६ पासून गेटबेसलाइन ही पद्धत आहे. तिला रुंदी आणि उंची दे, खरा मजकूर ज्या ओळीवर बसतो तीच ओळ ती सांगते. सूचना आणि मजकूर एका रेषेत आले की वापरणाऱ्याला उडी दिसत नाही.

अक्षरं कडांना खडबडीत दिसली तर टूलकिटकडून डेस्कटॉपप्रॉपर्टी माग, नाव 'एडब्ल्यूटी.फॉन्ट.डेस्कटॉपहिंट्स'. नकाशा मिळाला तर तो रेंडरिंगहिंट्समध्ये घाल. तो नलही असू शकतो, आधी तपास.

एवढंच. फोकसलिसनर पूर्ण काढून टाक. रंग बदलणारा कोडही. सूचना डॉक्युमेंटमध्ये कधी गेलीच नाही, त्यामुळे गेटटेक्स्ट रिकामा येतो, फिल्टर शांत राहतो, लिसनर वाजत नाही, आणि खरं गाव भरलं की सूचना आपोआप नाहीशी होते. पहिल्या डब्यात फोकस असतानाही दिसते, कर्सर तिच्या आधी लुकलुकत राहतो.

---

कळमनेकर

दादा, खूप आभार. एक अडचण. फॉर्म नेटबीन्सच्या डिझायनरमध्ये बनवला आहे. डिझायनरनं आपोआप लिहिलेलं इनिटकम्पोनंट्स करड्या पट्ट्यात बंद आहे, तिथे माझा वर्ग कसा घालू?

---

जुना_स्विंगवाला

तो पट्टा हातानं बदलायचा नाही. डिझायनरमध्ये फील्ड निवड, गुणधर्मांमध्ये कोड नावाचा टॅब आहे. तिथे 'कस्टम क्रिएशन कोड' मध्ये तुझ्या वर्गाचं न्यू लिही आणि कंसात सूचना. व्हेरिएबलचा प्रकार जेटेक्स्टफील्डच राहतो, म्हणूनच सूचना कन्स्ट्रक्टरमधून घ्यायला सांगितली. आणि टेक्स्ट हा गुणधर्म रिकामा कर, नाहीतर डिझायनरनं आपणहून घातलेलं 'जेटेक्स्टफील्ड१' तिथेच राहील आणि सूचना कधी दिसणारच नाही.

---

अंबाझरी

उशिरा येतोय. वर्ग स्वतः लिहिण्याची तयारी नसेल तर फ्लॅटलाफ बघा. स्विंगसाठीची मुक्तस्रोत लुक अँड फील, म्हणजे डबे-बटणं कशी दिसतील ते ठरवणारी लायब्ररी, आहे, अपाची २.० परवान्याची. तिच्यात ही सोय आतच आहे. फील्डवर पुटक्लायंटप्रॉपर्टी करायचं, किल्ली 'जेटेक्स्टफील्ड.प्लेसहोल्डरटेक्स्ट', किंमत म्हणजे तुमची सूचना. तीही फक्त रंगवते, डॉक्युमेंटला हात लावत नाही. पासवर्डच्या डब्यावर आणि लिहिता येणाऱ्या कॉम्बोबॉक्सवरही चालते. मेनमध्ये पहिला कम्पोनंट बनायच्या आधी फ्लॅटलाइटलाफचं सेटअप बोलवायला विसरू नका.

नेटबीन्सवाल्यांना तर आणखी सोपं, इनिटकम्पोनंट्सच्या खाली कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक ओळ लिहिली की झालं.

स्विंगएक्स या जोड-लायब्ररीमध्येही प्रॉम्प्टसपोर्ट आहे. सेटप्रॉम्प्टला सूचना आणि फील्ड द्यायचं. फोकस आल्यावर सूचना लपवायची की ठेवायची हेही ठरवता येतं. पण त्या प्रकल्पाचं काम थांबून बरीच वर्षं झाली, नव्या कामात मी तो घालणार नाही.

---

जुना_स्विंगवाला

अंबाझरी यांनी चांगला मार्ग दिला. कळमनेकर, तुझ्या जागी मीही फ्लॅटलाफच घेतलं असतं. फक्त एक लक्षात ठेव: ती किल्ली फ्लॅटलाफलाच कळते. उद्या कोणी लुक अँड फील बदलून निंबस लावलं तर सूचना गुपचूप नाहीशा होतील, कोणतीही त्रुटी दिसणार नाही.

---

बर्डीकर

पासवर्डचा विषय निघाला म्हणून. माझ्या ग्रंथालयाच्या प्रोग्राममध्ये लॉगिनला सेटटेक्स्टवाली सूचना होती. जेपासवर्डफील्डमध्ये तिचे ठिपकेच दिसायचे. मग ठिपक्याचं अक्षर ठरवणाऱ्या सेटएकोकॅरला शून्य कॅरेक्टर देऊन ती वाचता येईल अशी केली, फोकस आला की ठिपका परत. एकदा कोणत्या तरी क्रमात ठिपका परत आलाच नाही आणि ग्रंथपाल बाईंचा पासवर्ड समोरच्या रांगेला उघडा दिसला. आज वरचं सगळं वाचून कळलं की तिथेही रंगवायलाच हवं होतं. रंगवलेल्या सूचनेला एकोकॅरशी काही देणंघेणं नाही.

---

तर्रीपोहे

मोबाईलसाठी ठरलेल्या साच्यातच लिहू देणारं मास्कवालं फील्ड वापरलं तं? जेफॉरमॅटेडटेक्स्टफील्ड अन् मास्कफॉरमॅटर, दहा हॅश लावून?

---

अंबाझरी

मास्कमध्ये डबा कधी रिकामा नसतो. सेटप्लेसहोल्डरकॅरेक्टरला अधोरेषा दिली तर दहा अधोरेषा डॉक्युमेंटमध्ये बसतात, दिली नाही तर दहा स्पेस. लांबी शून्य होत नाही म्हणून रंगवलेली सूचना दिसणार नाही. तिथे अधोरेषाच सूचनेचं काम करतात. शिवाय अर्धवट नंबर लिहून टॅब दाबला तर मूळ वर्तनानुसार तो जुन्या किमतीवर परत जातो, आणि माणसाला वाटतं आपण लिहिलेलं कोणी खाल्लं. अडतीवर, जिथे शेतकऱ्याला नंबर आठवून आठवून सांगावा लागतो, तिथे मी साधं फील्ड आणि अंकांचा फिल्टरच लावेन.

---

श्रवणवाचक

मी स्क्रीनरीडरनं संगणक वापरतो, नोकरीत रोज आठ तास जावाचे फॉर्म हाताळतो. तुमची चर्चा ऐकून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

रंगवलेली सूचना मला ऐकू येत नाही. ती चित्र आहे. डॉक्युमेंटमध्ये टाकलेली सूचना ऐकू येते, पण ती मला भरलेला डेटा म्हणून ऐकू येते, आणि मी तो डबा भरलेला समजून पुढे जातो. दोन्ही वेळा अडतो मीच.

म्हणून विनंती: डब्याच्या बाहेर जेलेबल ठेवा, आणि सेटलेबलफॉर करून ते लेबल त्या डब्याला जोडा. मग टॅबनं त्या डब्यावर आलो की 'मोबाईल' ऐकू येतं. सूचनेतली जास्तीची माहिती, जसं १० अंकी, ती गेटअ‍ॅक्सेसिबलकॉन्टेक्स्टमधून सेटअ‍ॅक्सेसिबलडिस्क्रिप्शनला द्या. हे तुमच्या त्याच वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एका ओळीत होतं, म्हणजे कोणी विसरणार नाही. तपासून पाहायचं असेल तर विंडोजवर जावा अ‍ॅक्सेस ब्रिज सुरू करावा लागतो, जेडीकेच्या बिनमधल्या जॅबस्विचला इनेबल सांगून. त्यानंतर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर लावून डोळे मिटून फॉर्म भरून पाहा.

दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत असं वाचलं. त्यांच्यासाठीही बाहेरचं लेबल लागेल. डब्यात एक अक्षर लिहिलं की सूचना जाते, आणि फोन वाजला, मान वळली, परत पाहिलं तर हा डबा गावाचा होता की तालुक्याचा, हे सांगणारं काहीच उरत नाही.

---

कळमनेकर

हे मनाला लागलं. खरं सांगतो, मी जागा वाचावी म्हणून लेबलंच काढून टाकली होती. परत लावतो.

---

अंबाझरी

श्रवणवाचक यांच्या मुद्द्याला जोडून, रंगाबद्दल. वेबच्या सुलभता-नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा फरक मागितला आहे. आपला फॉर्म वेबचा नाही, पण डोळे तेच आहेत. जावाचा कलर.लाइटग्रे म्हणजे १९२, १९२, १९२. पांढऱ्यावर त्याचा फरक १.८ ला १ च्या आसपास येतो. कलर.ग्रे म्हणजे १२८ तीनदा, तो ३.९ पर्यंत जातो, तरी कमीच. ११८ तीनदा घेतलं तर ४.५ गाठतं. मी १०५ ते ११५ मध्ये ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात शटर उघडं ठेवून बसलेल्या दुकानात स्क्रीनवर केवढा उजेड पडतो ते आठवा.

फार गडद केलं तर मात्र सूचना भरलेल्या मजकुरासारखी दिसू लागते. म्हणून रंगावरच भिस्त ठेवू नका, शब्दच असे निवडा की तो डेटा वाटणार नाही. 'एमएच ४० एबी १२३४' हा कोणत्याही रंगात नंबरच दिसतो. '४०' म्हणजे तर नागपूर ग्रामीण, म्हणजे अगदी खरा वाटणारा. तिथे 'पाटीवरचा पूर्ण नंबर' लिहा.

---

बर्डीकर

शब्दांबद्दल अंबाझरी यांच्याशी पूर्ण सहमत. 'उदा.' लावलं की आपण सुटलो असं वाटतं, पण घाईत कोणी 'उदा.' वाचत नाही. मोबाईलला '१० अंकी, सुरुवातीचा ० नको' अशी सांगणारी सूचना द्यावी.

फोकस आल्यावर सूचना लपावी की राहावी? मला लपलेली बरी वाटते, स्वच्छ डबा मिळतो.

---

जुना_स्विंगवाला

राहावी. टॅब दाबत येणाऱ्याला डबा फोकसमध्ये आल्यावरच सूचना हवी असते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती काढून घेतो. पहिलं अक्षर लिहीपर्यंत तिचं काम आहे.

---

बर्डीकर

माऊसवाल्यांचं वेगळं आहे असं मला अजूनही वाटतं. काही जण कर्सरपुढची करडी अक्षरं आधी बॅकस्पेसनं पुसायला जातात, हे मी काउंटरवर पाहिलं आहे. पण टॅबचा मुद्दा मान्य.

---

माय_मराठी_फॉर्म

सूचना मराठीत आहेत म्हणून काही गोष्टी, ज्यांनी मला आठवडाभर छळलं.

सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये असली तरी जावा १८ च्या आधी, काही सांगितलं नाही तर कंपायलर मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग धरतो. विंडोजवर बहुतेक वेळा ते यूटीएफ-८ नसतं आणि मराठी सूचनेचा कचरा होतो. कंपायलरला, म्हणजे जावासीला, 'एन्कोडिंग यूटीएफ-८' सांगा. १८ पासून डीफॉल्टच यूटीएफ-८ झालं.

सूचना प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवल्या तर जावा ८ पर्यंत रिसोर्सबंडल ती आयएसओ-८८५९-१ धरून वाचतं, मराठी अक्षरं युनिकोड एस्केपमध्ये लिहावी लागतात. जावा ९ पासून यूटीएफ-८ चालतं. अडतीवर कोणता जावा आहे ते आधी पाहा.

फॉन्टमध्ये एरियल थेट लावू नका, त्यात देवनागरी नाही, चौकोन दिसू शकतात. विंडोज ८ पासून निर्मला यूआय येतो, त्याआधी मंगल होता. फॉन्टच्या कॅनडिस्प्लेअपटू या पद्धतीला सूचना द्या, उणे एक आलं तर सगळी अक्षरं त्या फॉन्टमध्ये आहेत. आणि डब्याची उंची आकड्यात बांधू नका. देवनागरीला वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्हीकडे जागा लागते, इंग्रजीसाठी बेतलेल्या डब्यात 'पूर्ण' मधला रफार नाहीतर ऊकार कापला जातो.

एक मोठी गोष्ट राहिली. '१० अंकी मोबाईल' अशी सूचना देवनागरी अंकांत दिली आणि कळफलक मराठी असला, तर माणूस नंबरही देवनागरीत लिहितो. कॅरेक्टरच्या इजडिजिटला '९' अंकच वाटतो, लाँगच्या पार्सलाँगलाही तो समजतो. पण रेजेक्समधला अंक ओळखणारा साधा डी त्याला ओळखत नाही, आणि टेबलात एकच मोबाईल दोन लिप्यांत दोनदा बसू शकतो. युनिक त्याला दरवेळी अडवेलच असं नाही, ते कॉलमच्या कोलेशनवर (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर) ठरतं. सेव्ह करण्याआधी प्रत्येक अंक कॅरेक्टरच्या गेटन्यूमेरिकव्हॅल्यूतून काढून एकाच लिपीत आणा.

---

तर्रीपोहे

हे शेवटचं माझ्या टेबलात नक्की झालं असणार. आत्ताच पाहतो.

---

कळमनेकर

शेरा किंवा टीप लिहायला जेटेक्स्टएरिया आहे, तिथे दोन ओळींची सूचना हवी. तीच पद्धत चालेल ना?

---

जुना_स्विंगवाला

चालेल, पण ड्रॉस्ट्रिंग नव्या ओळीचं चिन्ह जाणत नाही. ओळी तोडून एकेक रंगव, दर ओळीला फॉन्टमेट्रिक्सच्या हाइटएवढं खाली. पहिल्या ओळीची जागा इन्सेट्सचा टॉप अधिक असेंट. आणि डॉक्युमेंटलिसनर लावून रिकाम्याचं भरलेलं किंवा भरलेल्याचं रिकामं झालं की रिपेंट माग, म्हणजे खालच्या ओळीचा अवशेष राहणार नाही.

बॉर्डर बदलली असेल तर सेटमार्जिनचा परिणाम उरत नाही. सूचना कडेला चिकटली तर कंपाउंडबॉर्डरमध्ये आतून रिकामी बॉर्डर घाल.

---

कळमनेकर

मंडळी, काम झालं. काय काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

शेवटी स्वतःचाच वर्ग लिहिला, कारण गाईडना कोड समजावून सांगायचा आहे. सगळं मिळून साठ ओळीही नाहीत. फोकसलिसनरच्या मात्र २०० च्या वर ओळी खोडल्या. लेबलं परत आली, सेटलेबलफॉरसकट. काल रात्री एनव्हीडीए लावून डोळे मिटून फॉर्म भरला. 'गाव' अन् 'गाडी नंबर' नीट ऐकू आले. 'कॅरेट' ला लेबल जोडायचं राहून गेलं होतं, ते तेव्हाच कळलं. श्रवणवाचक दादा, हे तुमच्यामुळे.

टेबलाची सफाई अशी केली. आधी पूर्ण बॅकअप. मग प्रत्येक कॉलमसाठी तिथली सूचना किती नोंदींत आहे ते मोजून पाहिलं अन् मगच अपडेट करून नल केलं. मोबाईलचा युनिक तसाच ठेवला, मायएसक्यूएलच्या युनिकमध्ये नल कितीही चालतात. प्रोग्राममध्येही रिकामी स्ट्रिंग न पाठवता सेटनल करून राहिलो, नाहीतर दोन रिकाम्या स्ट्रिंग एकमेकींना अडवतील. गावात 'उदा. काटोल' असलेल्या नोंदी नल केल्या. नुसत्या 'काटोल' ला हात लावला नाही.

गाडी नंबरच्या १७ नोंदी दिवाणजींच्या जुन्या वहीशी लावून पाहिल्या. १४ चे खरे नंबर सापडले. तिघांना मामांनी फोन केला, दोघांनी सांगितले. एक गाडी भाड्याची होती, तो नंबर कोणाला आठवत नाही, तिथे नल आहे.

पट्टीच्या छपाईत एक बदल मामांनी सुचवला. गाडी नंबर नल असेल तर तिथे आता रिकामी ठिपक्यांची रेघ छापली जाते. काल सकाळी दिवाणजींनी पहिल्या पट्टीवर त्या रेघेवर पेनानं नंबर लिहिला, शेतकऱ्याला वाचून दाखवला, अन् मगच सही केली.